रंग उमटण्याआधी

'सैरंध्री' हे नाव मराठी चित्रपटाच्या इतिहासात दोनदा येतं. पहिली 1920 सालची, बाबूराव पेंटरांची, मूक. ती पाहून लोकमान्यांनी बाबूरावांना 'सिनेमा केसरी' म्हटलं, हे बहुतेकांना ठाऊक असतं. दुसरी 1933 सालची, प्रभात फिल्म कंपनीची, बोलकी आणि रंगीत. तिच्याबद्दल आपल्याकडच्या पुस्तकांत सहसा एकच वाक्य सापडतं: प्रभातने रंगीत चित्रपटाचा प्रयत्न केला, जर्मनीत प्रिंट काढल्या, रंग भडक आले, प्रयत्न फसला. या वाक्यात दिग्दर्शक व्ही. शांताराम असतात, जर्मनी असते, पैसा बुडाल्याची हळहळ असते. ज्या माणसाने कॅमेऱ्याच्या भिंगाला डोळा लावून तो चित्रपट टिपला, त्याचं नाव मात्र नसतं. ते नाव केशवराव धायबर.

तुमच्या हातातलं पुस्तक त्या नावापासून सुरू होतं आणि तिथून आपल्याकडच्या रंगीत छायालेखनाच्या पहिल्या तीनेक दशकांपर्यंत जातं. धायबर प्रभातच्या पाच संस्थापकांपैकी एक. 1 जून 1929 रोजी कोल्हापुरात शांताराम, विष्णुपंत दामले, फत्तेलाल, सीतारामपंत कुलकर्णी आणि धायबर यांनी कंपनी उभी केली. त्याआधी हे सगळे, कुलकर्णी सोडता, बाबूरावांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत तयार झालेले. 'नेताजी पालकर' (1927) शांताराम आणि धायबर यांनी मिळून दिग्दर्शित केला होता. म्हणजे हा माणूस केवळ हँडल फिरवणारा नव्हता. चौकट, गोष्ट आणि प्रकाश यांचा एकत्र विचार करण्याची सवय त्याला पहिल्यापासून होती. प्रभातचे सुरुवातीचे मूकपट, पहिला बोलपट 'अयोध्येचा राजा' (1932), आणि पुढे 'अमृतमंथन' (1934) ही त्याची कामं एका ओळीत ठेवून पाहिली, की मधली 'सैरंध्री' अपघातासारखी वाटत नाही. ज्याचा हात प्रकाशावर पक्का बसला आहे, त्याने रंगाकडे टाकलेलं ते पाऊल होतं.

नवख्या वाचकासाठी आधी थोडं मागे जावं लागेल, कारण रंगाचा प्रश्न रंगीत फिल्म येण्याच्या खूप आधीपासून छायालेखकाच्या मानगुटीवर होता.

मूकपटांच्या काळात वापरात असलेली ऑर्थोक्रोमॅटिक फिल्म लाल रंगाला आंधळी होती. कुंकू काळं यायचं, लाल लुगडं काळं यायचं, ओठ काळे पडायचे आणि निळं आकाश पांढरंफटक. म्हणून नटांच्या तोंडाला कुठला रंग फासायचा, पडदे कुठल्या छटेत रंगवायचे, नायिकेचं नेसणं काय असावं, हे डोळ्यांना काय दिसतं यावर ठरत नसे. फिल्मला काय दिसेल यावर ठरे. छायालेखक रंगीत जगाकडे पाहून मनात त्याचं करडं भाषांतर करत असे. पुढे सगळे रंग ओळखणारी पॅन्क्रोमॅटिक फिल्म आली, विसाच्या दशकाच्या उत्तरार्धात ती सर्रास मिळू लागली, आणि हे सगळे ठोकताळे पुन्हा मोडून बसवावे लागले. धायबरांच्या पिढीने ही दोन्ही शिक्षणं दहा वर्षांच्या आत घेतली. आज आपण 'कृष्णधवल' म्हणून जे एका शब्दात गुंडाळतो, त्यात रंगाचं एवढं मोठं ज्ञान दडलेलं आहे, आणि ते वहीत फारसं लिहिलं गेलं नाही.

रंग पडद्यावर आणण्याची धडपड तर चित्रपटाइतकीच जुनी. रात्रीचं रीळ निळ्या रंगात बुडवायचं, आगीचं लाल रंगात, हा सोपा उपाय मूकपटांत जगभर चाले. खरा रंग टिपण्याचा पहिला मोठा व्यापारी प्रयोग म्हणजे इंग्लंडमधला किनेमाकलर. लाल आणि हिरवा फिल्टर आळीपाळीने कॅमेऱ्यासमोर फिरायचा, फिल्म दुप्पट वेगाने पळायची आणि पडद्यावर तसेच फिल्टर फिरवून रंगांचा भास व्हायचा. डिसेंबर 1911 मधला दिल्ली दरबार या पद्धतीने चित्रित झाला. म्हणजे 'राजा हरिश्चंद्र' (1913) येण्याआधी हा देश रंगीत फिल्मवर उमटला होता, पण साहेबाच्या कॅमेऱ्यातून आणि साहेबाच्या प्रेक्षकांसाठी. दादासाहेब फाळक्यांनाही रंगाचं वेड होतं. चित्रपटाकडे वळण्याआधी ते रंगीत छपाईच्या धंद्यात होते, राजा रविवर्म्यांच्या छापखान्याशी त्यांचा संबंध आला होता आणि छपाईची यंत्रं आणायला ते जर्मनीलाही जाऊन आले होते. रंग कसे वेगळे करायचे आणि पुन्हा एकावर एक कसे बसवायचे हे त्यांना ठाऊक होतं. त्यांच्याकडे नव्हती ती रंग पकडणारी फिल्म.

1933 साली धायबरांच्या हाती जी पद्धत आली, तिला बायपॅक म्हणतात. ती समजून घेतल्याशिवाय 'सैरंध्री'चा न्याय करता येत नाही, म्हणून इथे थोडा वेळ थांबतो.

कॅमेऱ्यात एकाऐवजी दोन फिल्म एकदम धावतात, तोंडाला तोंड लावून. पुढची फिल्म ऑर्थोक्रोमॅटिक. ती निळं-हिरवं टिपते. तिच्या अंगावरच्या तांबूस थरातून गाळून जो प्रकाश मागे जातो, तो मागची पॅन्क्रोमॅटिक फिल्म पकडते, म्हणजे लाल-नारिंगी भाग. जिच्यावर या माणसाने उमेदवारी केली ती फिल्म आणि जिच्यावर तो उस्ताद झाला ती फिल्म, अशा दोन्ही आता एकाच कॅमेऱ्यात एकमेकींना चिकटून बसलेल्या. दोन्ही निगेटिव्ह धुतल्या की काळ्यापांढऱ्याच दिसतात. रंग जन्माला येतो तो प्रिंटमध्ये. दोन्ही बाजूंना थर दिलेल्या खास फिल्मवर एका बाजूला एक निगेटिव्ह, दुसऱ्या बाजूला दुसरी छापायची, मग एक बाजू निळसर-हिरवी आणि दुसरी नारिंगी-लाल रंगवायची.

यातली प्रत्येक पायरी छायालेखकाचा कस पाहणारी आहे. प्रकाश दोन फिल्मांमधून जायचा, म्हणून कृष्णधवलच्या मानाने कितीतरी जास्त उजेड लागणार. मागच्या फिल्मवर पडणारी प्रतिमा पुढच्या थरातून गाळून आलेली, म्हणून किंचित मऊ. आणि माणसाच्या चेहऱ्याचा बराचसा तपशील नेमका त्या मागच्या फिल्मवर. दोन फिल्म एकमेकींपासून केसभर सरकल्या तरी कडांना रंगाची झालर येणार. आणि सगळ्यात मोठी अडचण म्हणजे दोनच रंगांत सगळं जग मावत नाही. मोरपंखी आणि शेंदरी या पद्धतीत छान उतरतात, माणसाची कातडी बऱ्यापैकी जमते. पण हळदीचा निर्मळ पिवळा, जांभळा आणि गवताचा ताजा हिरवा मिळत नाहीत. आता विराटाच्या राजवाड्याची कल्पना करा: रेशीम, फुलं, दागिने, मशाली. महाभारतातली गोष्ट निवडली ती रंगाला वाव मिळावा म्हणून, आणि नेमके भारतीय सणासुदीचे रंग या पद्धतीच्या आवाक्याबाहेरचे.

सैरंध्री म्हणजे वेष पालटून दासी झालेली द्रौपदी. तिच्यामागे कीचक लागतो आणि भीम त्याला मारतो. हाच विषय खाडिलकरांच्या 'कीचकवधा'त आला होता आणि सरकारने ते नाटक 1910 साली बंद पाडलं होतं. मराठी प्रेक्षकाला या गोष्टीचं मर्म सांगायला नको होतं. प्रभातने लीला आणि मास्टर विनायक यांना घेतलं, संगीत गोविंदराव टेंब्यांचं. चित्रीकरण कोल्हापुरात झालं. शांताराम निगेटिव्ह घेऊन जर्मनीला गेले, कारण रंगीत प्रिंट काढण्याची सोय इथे कुठेच नव्हती. आग्फा या तिथल्या फिल्म कंपनीच्या मदतीने प्रिंट निघाल्या. पडद्यावर जे आलं ते कोणालाच समाधान देणारं नव्हतं.

आता या गोष्टीकडे कॅमेऱ्यामागून पाहू. दररोज संध्याकाळी आपण काय टिपलं ते पाहायचं आणि दुसऱ्या दिवशी त्यावरून प्रकाश सुधारायचा, हा छायालेखकाचा रोजचा धर्म. 'सैरंध्री'त धायबरांना निगेटिव्हच्या घनतेवरून अंदाज बांधता येत असेल, पण रंग पाहण्याची सोय कोल्हापुरात नव्हती. प्रकाश पंचगंगेकाठचा, रंग जर्मनीतला, आणि मधे समुद्र. कुठला रंग किती गडद करायचा हे ज्या तंत्रज्ञाने ठरवलं, त्याने ती वस्त्रं, तो सेट, ते ऊन पाहिलेलं नव्हतं. दोष कोणाचा, हे ठरवण्यात मला रस नाही. मला यात एका कारागिराच्या हातून त्याच्या कामाचा शेवटचा टप्पा काढून घेतलेला दिसतो. पुढची तीस वर्षं भारतातले रंगीत छायालेखक तो टप्पा परत मिळवण्यासाठी झगडले. या पुस्तकाचा मुख्य धागा मला तरी हाच वाटतो.

'सैरंध्री'नंतर प्रभात त्या वाटेला गेली नाही. त्याच वर्षी कंपनी पुण्याला आली आणि जर्मनी पाहून आलेल्या शांतारामांनी धायबरांबरोबर 'अमृतमंथन' केला. बळीच्या विधीचा तो काळोख, मशालींचा उजेड, आणि टेलिफोटो भिंगातून पडदाभर झालेला चंद्रमोहनचा डोळा ज्यांनी पाहिला असेल, त्यांना ही छाया रंगाच्या अपयशातून बाहेर पडलेल्या माणसाची आहे, असं माझ्यासारखंच वाटेल. तंत्र हुकलं तरी नजर वाया जात नाही. पुढे 'राजपूत रमणी' (1936) धायबरांनी स्वतंत्रपणे दिग्दर्शित केला, प्रभात सोडली, आणि 'नंदकुमार' (1938) काढला. प्रभातने मग 'तुकाराम', 'कुंकू', 'माणूस', 'शेजारी' दिले. सगळे कृष्णधवल. 'कुंकू' नावाचा चित्रपट, आणि त्यातलं कुंकू काळं.

रंगाचा दुसरा प्रयत्न मुंबईत झाला. 'आलम आरा' काढणाऱ्या अर्देशिर इराणींनी अमेरिकेतल्या सिनेकलर पद्धतीचे हक्क घेतले आणि प्रिंट इथेच काढून 1937 साली 'किसान कन्या' आणला. छायालेखक रुस्तम इराणी. मूळ पद्धत पुन्हा दोन रंगांचीच. पण प्रयोगशाळा मुंबईत होती, हा फरक मोलाचा. म्हणूनच संपूर्ण इथे तयार झालेला पहिला रंगीत चित्रपट हा मान 'किसान कन्या'ला जातो, आणि तो योग्य आहे. पुढच्या वर्षी त्याच पद्धतीचा 'मदर इंडिया' आला (मेहबूबचा नव्हे, गुंजाळांचा). मग पैसा, युद्ध आणि फिल्मची टंचाई यांनी वाट अडवली.

या सगळ्या काळात आपल्याकडे छायालेखनाची घराणी होती असं म्हणता येतं. कोल्हापूरचं घराणं चित्रकारांचं. बाबूराव नाटकांचे पडदे रंगवणारे. कॅमेरा त्यांनी दामल्यांच्या मदतीने स्वतः घडवला, आणि 'सिंहगड'मध्ये (1923) कृत्रिम प्रकाश वापरला. या घराण्यात चौकट आधी मनात रंगते, मग टिपली जाते. दुसरं घराणं मुंबईतल्या पारशी-इराणी तंत्रज्ञांचं: यंत्रावर हुकमत, धंद्याची जाण, नव्या पद्धतीला हात घालण्याचं धाडस. तिसरं बॉम्बे टॉकीजमधलं जर्मन. म्युनिकहून आलेला योसेफ विर्शिंग 1925 च्या 'लाइट ऑफ एशिया'पासून बॉम्बे टॉकीजचे संस्थापक हिमांशू रॉय यांच्याबरोबर होता. दुसऱ्या महायुद्धात तो नजरकैदेत गेला. मुंबई इलाख्यातल्या जर्मन नागरिकांची अशी एक छावणी आमच्या नगरलाही होती, आणि जुन्या नगरकरांना ती आठवते ती केवळ लष्कराच्या गोष्टींत. चित्रपटसृष्टी त्या अटकांमुळे किती पोकळ झाली, हे कोणी सांगत नाही. हाच विर्शिंग पुढे रंगीत 'पाकीजा' टिपत होता आणि चित्रपट पुरा होण्याआधी 1967 मध्ये वारला. कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सचं घराणं नितीन बोस आणि बिमल रॉय यांचं. त्याची थोरवी मोठी, पण रंगाच्या आरंभाशी त्याचा संबंध कमी, म्हणून ते इथे ओझरतंच येतं.

पन्नाशीच्या दशकात रंग परतला तो परदेशाचा हात धरूनच. 'आन' (1952) फरेदून इराणींनी 16 मिमीवर टिपला आणि टेक्निकलरच्या मोठ्या प्रिंट परदेशात निघाल्या. सोहराब मोदींनी 'झाँसी की रानी'साठी (1953) 'गॉन विथ द विंड'वर काम केलेल्या अर्नेस्ट हॉलरला आणलं. शांतारामांनी मात्र 'झनक झनक पायल बाजे'चं (1955) टेक्निकलर चित्रण जी. बाळकृष्ण यांच्यावर सोपवलं. बावीस वर्षांपूर्वी जो दिग्दर्शक निगेटिव्हची पेटी घेऊन जर्मनीला गेला होता, त्याने रंगाची ही दुसरी बाजी एका इथल्या छायालेखकावर लावली. चित्रपट तुफान चालला. त्यानंतरच्या 'नवरंग'मध्ये (1959) त्यागराज पेंढारकर आणि 'सेहरा'मध्ये (1963) कृष्णराव वाशिर्डे यांनी शांतारामांच्या राजकमल स्टुडिओची रंगांची खास उधळण घडवली. कोणाला ती अतिरेकी वाटते. मला तीत कोल्हापूरच्या रंगवलेल्या पडद्यांची सरळ वंशावळ दिसते, आणि जे पिवळे-जांभळे 1933 मध्ये मिळाले नव्हते त्यांची भूकही दिसते. याच सुमारास गेव्हाकलर आणि ईस्टमनकलर आले. एकाच फिल्मवर तिन्ही रंगांचे थर, साध्या कॅमेऱ्यात चालणारी, मुंबईच्या लॅबमध्ये धुता येणारी. छायालेखक पुन्हा रश, म्हणजे त्या दिवशी टिपलेलं रीळ, पाहून दुसऱ्या दिवशीचा प्रकाश ठरवू लागला.

मराठी चित्रपटाला रंग परवडायला आणखी वेळ लागला. मराठी प्रेक्षकाच्या मनात रंगीत मराठी चित्रपट म्हणजे 1972 चा 'पिंजरा'. संगमनेरसारख्या तमाशाच्या गावांत तो ज्या ओढीने पाहिला गेला, तिचं एक कारण असंही असावं की फडावरच्या नऊवारीचे रंग लोकांना पहिल्यांदाच त्यांच्या मूळ तेजासह पडद्यावर भेटत होते.

हे सगळं आज कशासाठी वाचायचं? माझ्यापुरतं उत्तर मढीच्या यात्रेत आहे. कानिफनाथांच्या या यात्रेत रंगपंचमीला सगळा डोंगर रंगतो, आणि माझ्या लहानपणी पायथ्याशी तंबूतला सिनेमा लागे. तिथे येणाऱ्या प्रिंट जिल्ह्याजिल्ह्यांत फिरून झिजलेल्या, ईस्टमनकलरचा निळा-हिरवा थर उडून गेलेला, सगळा चित्रपट गुलाबीसर. आम्हाला वाटे, रंगीत म्हणजे असंच. त्या काळचे ईस्टमनकलर रंग विटतात. टेक्निकलरच्या छापील प्रिंटचे त्या मानाने टिकतात. पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आणि इतर संस्था जुन्या चित्रपटांचं डिजिटल पुनरुज्जीवन करत आहेत, आणि प्रत्येक वेळी संगणकासमोर बसलेल्या तरुण तंत्रज्ञाला ठरवावं लागतं की ही साडी मुळात कुठल्या लाल रंगाची होती. छायालेखक हयात नसतो. त्याने काय डोळ्यांपुढे ठेवून प्रकाश बांधला होता, त्या फिल्मला काय दिसत होतं आणि काय दिसत नव्हतं, हे माहीत नसेल तर पुनरुज्जीवनाच्या नावाखाली आजची आवड जुन्या चित्रावर थापली जाते. दोन रंगांच्या चित्रपटाला तीन रंगांत 'सुधारणं' ही त्यातली सर्वांत मोठी चूक ठरेल.

या पुस्तकाच्या लेखकाने नगरमध्ये राहून हे काम केलं, स्टुडिओंपासून लांब. अंतराचा त्याला फायदा झाला असं मला वाटतं. ज्या गावाने चित्रसृष्टीला शाहू मोडक दिला, प्रभातच्या 'संत ज्ञानेश्वर'मधला ज्ञानेश्वर, त्या गावात नटाची आठवण आजही निघते. त्या चेहऱ्यावरचं तेज कोणी बांधलं, हा प्रश्न इथेही कोणी विचारत नव्हतं. लेखकाने तो विचारला आणि मग त्याचा माग सोडला नाही.

त्याने धायबरांचं चरित्र लिहिलेलं नाही. एका छायालेखकाच्या कारकिर्दीच्या आधाराने त्याने एक धंदा समजावून सांगितला आहे: फिल्म, भिंग, दिवा, रंगभूषा, लॅब, आणि त्या प्रत्येकापाशी उभा असलेला माणूस. किस्से कमी आहेत. स्टुडिओतली भांडणं जवळजवळ नाहीत. त्याऐवजी एखादा प्रसंग घेऊन त्यात उजेड कुठून आला, सावली का ठेवली, रंग का नाकारला, असं तो सावकाश उलगडतो. फिल्मच्या रसायनाबद्दलची पानं काहींना जड जातील, पण ती ओलांडू नका. पुढचं बरंच त्यावर उभं आहे. माझी एक तक्रार आहे ती लॅबमधल्या कामगारांबद्दल. फिल्म धुणारे, प्रिंटचे रंग जुळवणारे, रीळं तपासणारे लोक या पुस्तकात येतात ते गर्दीसारखे. त्यांच्यावर स्वतंत्र पुस्तक होईल एवढा ऐवज या विषयात आहे, आणि ते यायला हवं.

वाचण्याआधी 'अमृतमंथन'चा पहिला अर्धा तास मिळाला तर पाहा, आणि त्याच आठवड्यात 'नवरंग'ही. दोन्ही चित्रपट एकाच दिग्दर्शकाचे, मधे पंचवीस वर्षं आणि दोन वेगळे छायालेखक. मग पहिलं प्रकरण उघडा.